दारू सोडल्यावर रस्त्यावर धंदा लावायचा असेल तर

व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस बाहेर पडतो तेव्हा हातात गोळ्यांची पुडी असते, मनात निर्धार असतो आणि खिसा रिकामा असतो. घरच्यांनी बरीच वर्षं सोसलेलं असतं. "आता कमाव" असं तोंडानं कुणी म्हटलं नाही तरी ते ऐकू येतंच. जुनं काम बहुतेकांचं सुटलेलं असतं. मग उरतो रस्ता. नागपुरात रस्त्यावर पोट नक्की भरतं. मी नंदनवनकडे सकाळी तर्री-पोह्यांचा ठेला लावतो. त्याआधी रंगारी होतो आणि रंगकामाची सगळी वर्षं पीत होतो. पोहे खाता खाता पुष्कळ जण हळूच विचारतात, "भाऊ, मलाही असं काही सुरू करायचंय, कसं करू?" ठेल्यावरच्या गर्दीत एवढं सांगणं होत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. धंदा निवडताना नफा नंतर बघा. आधी बघा की तो दिवसाच्या कोणत्या वेळी चालतो आणि रोख पैसा तुमच्या हातात किती वाजता पडतो. ठिय्यावरचं काम घ्या. सकाळी चौकात उभं राहायचं, दिवसभर शिडीवर, आणि संध्याकाळी सहाला ठेकेदार हजेरीच्या नोटा हातावर ठेवतो. अंग थकलेलं, पोट रिकामं, खिसा भरलेला, सोबत त्याच अवस्थेतले चार जण आणि घराच्या वाटेवर दारूची भट्टी. दारू सोडणाऱ्यांची अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणून संघटना आहे, तिच्या मीटिंगमध्ये चार गोष्टींपासून सावध राहायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. त्यातल्या दोन तर इथं रोज ठरलेल्या वेळी हजर असतात. दिवसाची रचनाच अशी असेल तर निर्धार कितीही पक्का असो, रोज संध्याकाळी तो पणाला लागतो. त्याच माणसाला पहाटे उठवणारा, दहा-साडेदहाला आटोपणारा आणि पैसे भर उजेडात देणारा धंदा मिळाला, तर अर्धं काम वेळापत्रकच करून टाकतं.

आधी शरीर

जे अजून पीत आहेत आणि उद्यापासून सोडून परवा ठेला लावू म्हणतात, त्यांना हात जोडून विनंती आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, वेळेचं-जागेचं भान जातं, ताप चढतो. भिंतीवर किडे दिसायला लागले तर लोक "वेडा झाला" म्हणतात किंवा बाहेरचं काही लागलं म्हणून झाडायला नेतात. तो दारू तुटल्याचा आजार आहे आणि त्यावर दवाखान्यातच उपचार होतात. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत मनोविकार विभागाच्या ओपीडीत जा. 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोनला पैसे लागत नाहीत. मन खचलं असेल तर 14416 ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे.

डॉक्टर बी-वन जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतात त्या बंद करू नका. दारूनं पायांच्या नसा दुखावलेल्या असतात, तळपायाला मुंग्या येतात, आग होते, आणि आपला धंदा चार-पाच तास पायांवर उभं राहण्याचा आहे. "दारूची ॲलर्जी आणणारी" गोळी म्हणतात ती डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर ठेल्यावर सॅनिटायझर, व्हिनेगर आणि दुकानातून आणलेलं खोकल्याचं औषध यांच्यापासून जपून राहा. त्यातल्या थोड्याशा अल्कोहोलनंही चेहरा लाल होणं, धडधड, उलटी असा त्रास होऊ शकतो. घरच्यांनाही सांगतो, ही गोळी भाजीत किंवा चहात लपवून कधीही देऊ नका. त्या माणसाला माहीत नसताना तो प्यायला तर मरूही शकतो.

पहिले दोन-तीन महिने स्वतःचा धंदा नकोच, असं माझं मत आहे. ओळखीच्या ठेल्यावर भांडी घासा, कांदे चिरा, पाणी भरा. हाताला कंप असतो, झोप तुटक असते, आणि उकळत्या तेलाच्या कढईसमोर अशा हातांनी उभं राहू नये. या काळात रोजी कमी मिळेल, पण सकाळी उठून कुठंतरी पोचायची सवय लागते. फिट येऊन गेलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आगीजवळ काम करूच नये.

काय विकायचं, काय नाही

सगळ्यात जास्त नफा कशात आहे हे पिणाऱ्याला सांगावं लागत नाही. संध्याकाळी बारच्या बाहेर उकडलेली अंडी, भुर्जी, तळलेले चणे, मसाला फल्ली. माल कमी लागतो आणि गिऱ्हाईक भाव करत नाही. पण ती जागा तुमची नाही. तुमचा बाप तिथं ठेला फुकट देत असेल तरी घेऊ नका. रोज संध्याकाळी सात ते अकरा तो वास, ती गिलासं, ती हाक. वर्षभर एकही दिवस मन डळमळणार नाही असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

खर्र्याचंही, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या मिश्रणाचंही, तसंच. नागपुरात चहाच्या टपरीला खर्र्याची जोड दिली की गल्ला दुप्पट होतो, हे खरं आहे. आमच्या मीटिंगला येणारे कितीतरी जण दारू सोडून खर्र्यावर आले आहेत आणि दिवसभर पन्नी घोळवत बसतात. तोंड उघडत नाही, तिखट लागत नाही, गालात पांढरे चट्टे येतात, तरी "हे तर काही नाही, दारू तर सोडली ना" म्हणतात. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण कायदा बाजूला ठेवून सांगतो: एका नशेतून सुटलेल्या माणसानं दुसऱ्याला दुसरी नशा विकून पोट भरू नये. एवढं मी ठामपणे म्हणतो.

सकाळचे धंदे बघा. पोहे, चहा, उपमा, कॉटन मार्केटमधून पहाटे माल उचलून वस्तीत भाजी, फुलं-बेल, नारळपाणी. हंगामाचेही चांगले आहेत. पावसाळा सरता सरता आंबिया बहाराची संत्री सुरू होते, फेब्रुवारी-मार्चकडे मृग बहाराची. मार्चपासून कूलरच्या ताट्या बदलून द्यायचं काम घरोघर निघतं. जुनी ताटी सोडायची, जाळी घासायची, नवीन वुडवूल किंवा खस भरायची. भांडवल अगदी कमी आणि पैसे दिवसा मिळतात. तान्ह्या पोळ्याच्या आधी लाकडी नंदी विकता येतात. फक्त हंगामी धंद्यात दोन हंगामांच्या मधे रिकामे दिवस येतात आणि रिकामा दिवस आपल्याला सोसत नाही. म्हणून हंगामाचं काम जोडीला ठेवा, रोजचं एक ठरलेलं असू द्या.

मी पोहे का निवडले? पहाटे उठावं लागतं म्हणजे रात्री लवकर झोपावं लागतं. हात सतत गुंतलेले राहतात. माल रोजच्या रोज संपतो. आणि गिऱ्हाईक येतं ते शाळा-कॉलेजची पोरं, हॉस्पिटलात डबा द्यायला निघालेली माणसं, रात्रपाळी करून परतणारे, फिरायला आलेले आजोबा. सकाळी सातला त्यांच्याशी बोलून माणसाचं मन धुतलं जातं.

तर्री

पोहे सगळेच करतात, नागपुरात ठेला चालतो तर्रीवर. रात्री सातला बारीक काळा हरभरा भिजत घाला. पहाटे चारला मीठ-हळद टाकून कुकरला लावा. दाणा दोन बोटांत दाबला की फुटला पाहिजे, पण साल सुटून पाण्यात तरंगता कामा नये. तोवर उभा चिरलेला कांदा तेलात चांगला लाल करा, सुकं खोबरं, खसखस, धने, मिरे, लवंग, दगडफूल, तेजपान वेगवेगळं भाजा आणि लसूण-अद्रक घालून गंधासारखं बारीक वाटा. तेल सढळ हातानं. वाटण कडेनं तेल सोडेपर्यंत हलत राहायचं, इथं घाई केली तर कच्चट वास दुपारपर्यंत जात नाही. मग गॅस एकदम मंद करून तिखट टाका. तिखट करपलं की तर्री काळपट होते आणि कडू लागते, ती दुरुस्त होत नाही. लगेच हरभऱ्याचं कढत पाणी ओता. गार पाणी घालायचं नाही. दहा मिनिटं उकळू दिलं की लाल तवंग आपोआप वर येतो.

जाडे पोहे चाळणीत धुवायचे, भिजवायचे नाहीत. मोहरी, गोडलिंब, हिरवी मिरची, कांदा, हळद अशी फोडणी. एकदम पाच किलो करून ठेवू नका, किलो-किलोनं करा. खाली उकळत्या पाण्याचं भांडं आणि वर पोह्यांचं पातेलं ठेवलं की ते मऊ राहतात. प्लेटमध्ये पोहे, वर तर्री, कच्चा कांदा, शेव, बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर), लिंबाची फोड. आलूबोंडा आणि समोसा नंतर जोडा, हाताचा कंप पूर्ण गेल्यावर.

हिशेब असा मांडा. किलोभर पोह्यांत बारा ते पंधरा प्लेटा निघतात. पाच किलोला पोहे, दीडेक किलो हरभरा, तेल, कांदा, मसाला-खोबरं, शेव, सांबार-लिंबू, गॅस, प्लेटा आणि ठेल्याचं भाडं धरून हजार-अकराशेच्या आसपास खर्च येतो. 25 रुपये प्लेटनं 65 प्लेटा गेल्या तर 1,625 रुपये. म्हणजे हातात पाचशेच्या वर. भाव रोज हलतात, तेव्हा हे आकडे तुमच्या बाजाराप्रमाणे पुन्हा मांडा, पण मांडा जरूर. पोहे, हरभरा, तेल, मसाला इतवारी-मस्कासाथमध्ये घ्या, कांदा कळमन्यातून पोत्यानं परवडतो. सुरुवातीला ठेला विकत घेऊ नका. रोजच्या भाड्यानं मिळतो. सहा महिने टिकलात तर मग स्वतःचा करा.

गॅस घरचा वापरू नका. 14.2 किलोचं लाल सिलिंडर घरगुती वापराचं असतं, धंद्यावर पकडलं तर जप्त होतं. धंद्याला 19 किलोचं कमर्शियल लागतं. एवढी अनामत जमत नसेल तर पाच किलोचं छोटं सिलिंडर ओळखपत्रावर मिळतं. अन्नसुरक्षेची नोंदणीही करून टाका, लहान विक्रेत्यासाठी ती सोपी आणि स्वस्त आहे.

जागा आणि कायदा

जागा ठरवायला आठवडाभर पायी फिरा. सकाळी सहा ते दहा त्या चौकात किती माणसं थांबतात, पाणी कुठून भरता येईल, सावली कोणत्या बाजूला, पावसाचं पाणी साचतं का. आणि आपल्यासाठी खास: घर ते ठेला आणि ठेला ते बाजार या वाटेवर भट्टी किंवा वाइन शॉप येतं का. येत असेल तर दुसरी वाट शोधा, लांबची असली तरी चालेल. तीही नसेल तर जागा सोडा.

पथविक्रेत्यांचा कायदा 2014 सालचा आहे आणि तो प्रत्येक ठेलेवाल्यानं समजून घेतला पाहिजे. त्याप्रमाणे मनपानं निदान पाच वर्षांतून एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं असतं, नगर पथविक्रेता समिती नेमायची असते आणि तिच्यात 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असतात. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवायचं नाही, आणि हटवायचंच असेल तर 30 दिवसांची नोटीस द्यायची, असं त्यात लिहिलेलं आहे. माल उचलला तर सही केलेली यादी मागा. शुल्क भरून परत मागितल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत द्यायचा असतो. तुमचा ठेला ज्या झोनमध्ये येतो, नेहरूनगर, लकडगंज, सतरंजीपुरा, आशीनगर जे असेल ते, त्या झोन ऑफिसात जाऊन नोंदणीचं विचारा आणि आधार, मोबाइल, फोटो यांच्या प्रती पिशवीत कायम ठेवा.

हे माहीत असल्याचा एक फायदा माझ्या अनुभवातला आहे. अतिक्रमणाची गाडी आली की पूर्वीचा माणूस आधी घाबरतो, मग चिडतो, आणि चिडला की पितो. कागद दाखवून शांतपणे बोलता आलं की तो राग पोटात राहत नाही.

पैसा हातात किती वेळ राहतो

माझ्या मते सगळ्या लेखात हाच भाग दोनदा वाचण्यासारखा आहे. पहिलं वर्ष ठेल्यावरचा क्यूआर कोड माझ्या ताईच्या खात्याचा होता. नोटा येतील त्या लाकडी पेटीत, आणि साडेदहाला ठेला आटोपला की ताईचा मुलगा येऊन पेटी न्यायचा. उद्याच्या मालाचे पैसे ती मोजून देई, बसभाड्याचे सुटे वेगळे. चाळिशीतल्या बापयानं बहिणीकडून पैसे मोजून घ्यायचे, याची लाज वाटते हे मला ठाऊक आहे. ती लाज सोसा. दुपारी बाराला खिशात पाचशेची नोट असणं आणि नसणं यात आपल्यासारख्याला फार मोठा फरक पडतो. बायको, आई, बहीण, ज्यांच्यावर घराचा विश्वास आहे त्यांच्याशी हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि वहीत लिहून ठेवा, म्हणजे रोज वाद होत नाही. वर्षभरानं खातं स्वतःचं करा, कारण सरकारी कर्जाला आणि कॅशबॅकला तुमच्याच नावाचे व्यवहार लागतात.

उधारी देऊ नका. नफा जातो हे तर आहेच, पण वसुलीसाठी संध्याकाळी कुणाच्या दारात जावं लागतं आणि तो नेमका कुठं बसलेला सापडतो हे तुम्ही जाणता.

पोस्टात आवर्ती ठेव महिना 100 रुपयांपासून उघडता येते. ठेल्यावर येणाऱ्या पिग्मी एजंटकडे रोज पन्नास-शंभर टाकणं सोपं जातं, तेवढं बघा की ती बँक आहे की पतसंस्था. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा बँकेत मिळतो, तोही घ्या.

"डेली"वाल्या सावकारापासून मात्र लांब राहा. दहा हजार लिहून नऊ हजार हातात देतात आणि 100 दिवस रोज 100 रुपये नेतात. ऐकायला हजार रुपयेच वाटतात. पण मुद्दल रोज थोडं थोडं फिटत जातं, म्हणजे सरासरी साडेचार हजारच तुमच्याकडे राहतात आणि त्यावर शंभर दिवसांत हजार. वर्षाचा दर 80 टक्क्यांच्या आसपास गेला. शिवाय रोज सकाळी गल्ल्यासमोर उभा राहणारा माणूस डोक्याला ताण देतो तो वेगळाच. पीएम स्वनिधी 2020 साली सुरू झाली ती याचसाठी. तारण लागत नाही, हप्ते वेळेवर भरले तर व्याजात 7 टक्के सवलत मिळते. पहिलं कर्ज आता 15 हजारांपर्यंत, ते फेडल्यावर 25 हजार, मग 50 हजार. माझा सल्ला: पहिले सहा महिने हेही कर्ज घेऊ नका. एकरकमी पंधरा हजार खात्यात येणं हा नव्यानं सुटलेल्या माणसासाठी धोक्याचा दिवस असतो. घ्याल तेव्हा रक्कम यायच्या आधीच काय घ्यायचं त्याची यादी करा आणि खरेदीला घरच्या माणसाला सोबत न्या.

अकरा ते सात

ठेला आटोपला म्हणजे दिवस संपला असं नाही. माझ्या दृष्टीनं खरा दिवस तिथून सुरू होतो. आधी जेवा. पोहे विकणारा स्वतः उपाशी राहतो हे मी खूप बघितलं आहे. दारू सुटल्यावर गोडाची ओढ लागते, तिला घाबरू नका, गूळ-फुटाणे खिशात ठेवा. मग भांडी घासून दोन तास झोपा. मे महिन्यात नागपूरचं ऊन 45 अंशांच्या वर जातं, तेव्हा दुपारी बाहेर फिरायचंच नाही. एप्रिल-मेमध्ये ठेला साडेनवालाच आटपा, मीठ-साखरेचं पाणी प्या आणि उरलेली तर्री संध्याकाळसाठी ठेवू नका, उन्हात ती खराब होते.

चारला उठून बाजार. सहाला कांदा निवडणं, सातला हरभरा भिजवणं. आणि मग मीटिंग. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची फी नसते, नावगाव लिहून घेत नाहीत, फिरवलेल्या थैलीत जमेल ते टाका, नाही टाकलं तरी कुणी विचारत नाही. 1935 साली अमेरिकेत एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघंही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे उभं राहिलं. पिणाऱ्याचं पिणाऱ्याला कळतं, एवढीच त्यातली ताकद आहे. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा वेगळ्या असतात. सुरुवातीचे तीन महिने रोज संध्याकाळी जा. कुठली तरी मीटिंग सापडतेच, आणि न सापडली तर तुमच्या स्पॉन्सरला, म्हणजे मीटिंगमधल्या ज्या जुन्या माणसानं तुम्हाला हाताशी धरलंय त्याला, फोन करा. हेच ते तास आहेत जेव्हा पूर्वी पाय आपोआप तिकडं वळायचे.

जुने मित्र

ते येणार. ठेला रस्त्यावर आहे, दार लावून घेता येत नाही. एक जण पहिल्याच आठवड्यात आला होता, सकाळी साडेसातला, तोंडाला वास.

"काहून बे, ठेला टाकला अन् सांगतलं बी नाही?"

"बस भाऊ. पोहे खा."

"पोहे काय खाऊ? चाल ना संध्याकाळी. एकच पव्वा. कोणाले माहीत पडते?"

"आज नाही भाऊ."

"मंग कवा?"

"आज नाही."

तो हसला, मग चिडला, आणि पोहे खाऊन गेला. मी पैसे घेतले. "आज नाही" एवढंच म्हणा. मी कायमची सोडली, तुम्हीही सोडा, असलं भाषण दिलं की वाद होतो, आणि वादात तो जिंकतो, कारण त्याच्याकडे वेळ असतो. शिव्या देऊ नका, उपदेश करू नका, पण त्याच्यासोबत कुठं चालत जाऊ नका. एखाद्यानं आपणहून विचारलं, "कसं सोडलं?" तर मात्र हातातलं काम ठेवून सांगा. त्याला दवाखान्याचा पत्ता द्या, सोबत चला.

पिऊन आलेलं अनोळखी गिऱ्हाईक असेल तर प्लेट बांधून द्या, पैसे घ्या, बोलणं वाढवू नका. बाटली ठेल्यावर ठेवू मागितली तर नाही म्हणा. "दोन मिनिटं ठेवतो" म्हणणारेही असतात. त्यांनाही नाही.

धुळवड, पोळ्याची कर (पोळ्याचा दुसरा दिवस), 31 डिसेंबर हे दिवस आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. धुळवडीला आणि करीला मी ठेला लावत नाही. त्या दिवशी धंदा होतोही, पण रस्त्यावर सकाळपासून जे चालतं त्यात उभं राहण्याची किंमत जास्त आहे. उलट धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे येणाऱ्या गर्दीत पाण्याचं, पोह्यांचं काम करा. धंद्यासाठी जा किंवा सेवेसाठी जा, अशा ठिकाणी दिवस चांगला जातो.

पाय घसरला तर

होऊ शकतं. दोन-तीन वर्षं बरी गेलेल्यांचंही होतं. तेव्हा पहिलं काम, प्यायलेल्या अंगानं ठेला लावू नका. उकळतं तेल, गॅस, लोकांचं अन्न, तिन्ही धोक्यात येतात. दुसरं, त्याच दिवशी एका माणसाला सांगा, ताईला, बायकोला, स्पॉन्सरला, कुणालाही. लपवलेला एक पव्वा दुसऱ्या दिवशी दुसरा मागतो. तिसरं, काही दिवस सलग पिणं झालं असेल तर पुन्हा दवाखान्यातच जाऊन सोडवा. आधी एकदा सोडताना फिट आलेली असेल तर पुढच्या वेळी धोका वाढलेला असतो.

आणि याची तयारी चांगल्या दिवसांतच करून ठेवा. तुमच्या गैरहजेरीत ठेला चालवू शकेल असं एक माणूस शिकवून ठेवा. तर्रीच्या मसाल्याचं माप वहीत लिहा, गॅसवाल्याचा आणि ठेलामालकाचा नंबर घरी द्या, चार-पाच दिवसांच्या मालाचे पैसे ताईकडे वेगळे राहू द्या. माझा भाचा आता तर्री माझ्याइतकीच चांगली करतो. मी कधी तापानं आडवा पडलो तरी सकाळी सातला त्या चौकात पोहे मिळतात आणि गिऱ्हाईक तुटत नाही. केंद्रातून नवा सुटलेला कुणी सकाळी येऊन उभा राहिला तर त्याला कांदा चिरायला बसवायचं, हे त्यालाही सांगून ठेवलं आहे.